गाणे गाजले, पारा राहिला

2015 साली सोफिया अश्रफ यांचे 'कोडाईकनाल वोंट' हे गाणे समाजमाध्यमांवर लाखो लोकांनी पाहिले. मुंबईत मुख्यालय असलेल्या हिंदुस्तान युनिलिव्हरचा कोडाईकनालचा तापमापी-कारखाना 2001 मध्ये बंद झाला. तेथील कामगारांची ही कैफियत. मार्च 2016 मध्ये 591 माजी कामगारांशी समझोता झाला. कंपनीच्या पर्यावरणस्नेही प्रतिमेवर घाव नेमका बसला होता!

तरीही विज्ञानशिक्षकाच्या नजरेने आम्हांला गाणे अपुरे वाटते. कारखान्याच्या आवारात किलोभर मातीत 20 मिलिग्रॅम पारा राहिलेला चालेल की त्याहून कमीच हवा, हा पुढचा खरा वाद त्यात येत नाही. पाऱ्याची वाफ दिसत नाही, तिला वासही नसतो. नाशिकला गंगापूर रोडवरच्या एखाद्या प्रयोगशाळेत तापमापी फुटली, तर मुलांना हे गाणे जरूर ऐकवावे. मात्र आधी खिडक्या उघडाव्यात, आणि झाडू फिरवू नये.