स्वयंपाकघरातील सुरी

कातरकामाला कला म्हणावे काय, हा प्रश्न मी पुष्कळ वर्षे मनाशी बाळगून होतो. वर्गातली मुले मासिकांतली चित्रे कापून वहीत चिकटवतात. त्यांचे कौतुक करावे. पण त्यांना चित्रकार कोण म्हणेल? हाना ह्योख या जर्मन चित्रकर्त्रीच्या एका कृतीने माझा प्रश्न निकालात काढला.

हे चित्र १९१९ सालचे, बर्लिनमधले. महायुद्ध हरलेले, कैसर परागंदा, प्रजासत्ताक अजून रांगते. उल्स्टाइन या प्रकाशनसंस्थेत भरतकामाचे आणि लेसचे नमुने आखून ह्योख पोट भरीत होती. सचित्र साप्ताहिकांतली छायाचित्रे हेच तिचे रंग, आणि कात्री हा कुंचला. चित्राच्या लांबलचक नावात मात्र स्वयंपाकघरातली सुरी आहे. ती चालते जर्मनीच्या ‘बिअरपोट्या’ संस्कृतीवर!

कैसरच्या मिशीच्या जागी दोन पहिलवान आहेत. आइन्स्टाइनचे भले मोठे डोके आहे. केथे कोलविट्झ या थोर चित्रकर्त्रीचे मस्तक एका नर्तिकेच्या धडावर तरंगते आहे. भोवती चाके आणि यंत्रे.

गर्दी फार झाली आहे, हे मान्य केले पाहिजे. हे चेहरे ओळखणारा प्रेक्षक गेला, की थट्टेतला निम्मा रस गेला. कालच्या छापील कागदावर उभ्या राहणाऱ्या कलेला ही किंमत मोजावीच लागते.

पण उजवीकडचा खालचा कोपरा पाहा. तिथे युरोपचा लहानसा नकाशा आहे. स्त्रियांना मताधिकार मिळालेले वा मिळू घातलेले देश दाखवणारा. जर्मन स्त्रियांनी त्याच वर्षी जानेवारीत प्रथम राष्ट्रीय निवडणुकीत मतदान केले होते. त्या नकाशाशेजारी ह्योखने स्वतःचा इवलासा चेहरा चिकटवला आहे.

तिच्या पंथाचे नाव ‘दादा’. बर्लिनच्या त्या मंडळीत सगळे दादाच. ताई जवळजवळ एकटी! १९२० च्या प्रदर्शनात तिला घेण्यास ग्रोस आणि हार्टफील्ड यांचा विरोध होता. पुढे नाझी राजवटीत त्याच मंडळींच्या कितीतरी कृती बर्लिनच्या वेशीवरच्या आपल्या घरात तिनेच जपल्या.

चित्रावर सही करण्याची त्या कोपऱ्याहून मानी रीत मला ठाऊक नाही. मुले वहीत चित्र चिकटवतात ते आवडले म्हणून. ह्योखने तो नकाशा चिकटवला, तो आपली जागा सांगण्यासाठी. कातरकामाची कला होते ती इथे.

हा अंकही उद्या रद्दीत जाईल. त्याआधी घरातल्या मुलीच्या हाती एकदा कात्री द्यावी.