‘प्रेमस्वरूप आई’ : एक रूढ गैरसमज

सयाजीराव महाराजांनी १९०६ साली उभारलेल्या खंडेराव मार्केटच्या फुलबाजारात परवा सकाळी एका गजरेवालीच्या मोबाइलवर ‘प्रेमस्वरूप आई’ लागले होते. दोन गिऱ्हाइके ऐकत थांबली. ‘लताबाईंचे गाणे’ एवढाच उद्गार निघाला. वसंत प्रभूंची चाल आणि लता मंगेशकरांचा कंठ यांनी हे गीत घरोघर नेले, हे निर्विवाद होय. परंतु त्याचे कवी माधव ज्यूलियन १८९४ साली याच बडोद्यात जन्मले, याचे स्मरण तेथे कोणी केले नाही.

कवीचे नाव विसरले गेले, एवढ्यानेच आम्ही लिहावयास बसलो नाही. नावाबरोबर अर्थही हरवला आहे. शाळाशाळांतून मातृदिनी हे गीत लहान मुलांकडून मातृस्तुती म्हणून गाऊन घेतले जाते. आम्हीही अनेक वर्षे तेच केले. वस्तुतः ही स्तुती नव्हे, विलापिका आहे. आणि तिचा वक्ता बालक नसून विद्या, धन व प्रतिष्ठा लाभलेला प्रौढ पुरुष आहे. जगात त्याची आबाळ झालेली नाही. मातेचा चेहराही त्यास आठवत नाही. ज्या रूपाची स्मृतीच नाही, त्याचा ध्यास जीव सोडीत नाही, हे या कवितेचे मर्म होय. म्हणूनच शेवटी तो सांत्वन मागत नाही. पुन्हा तिच्याच पोटी जन्म मागतो.

कविता भाबडी आहे, असा आक्षेप घेता येईल. आरंभीची संबोधने रूढ आहेत, हे आम्ही मान्य करतो. पण त्या भावनेला आवर घालणारे वृत्त पाहावे. फारसीचे प्राध्यापक आणि ‘छंदोरचना’कार असलेल्या या कवीने येथे आनंदकंद योजिले आहे. इक्बालांचे ‘सारे जहाँ से अच्छा’ याच लयीत चालते. ओळीचे सात-सात अक्षरांचे दोन समान भाग पडतात आणि प्रत्येक भाग दोन गुरूंवर विसावतो. ‘आई’ हा शब्द मुळातच दोन गुरूंचा! पहिल्या ओळीत तो दोन्ही विसाव्यांवर येतो. गायिकेचा स्वर जेथे लांबतो, तेथे कवीने आधीच जागा करून ठेविली आहे. रविकिरण मंडळातील त्यांचे सहकारी आणि पुढे बडोद्याचे राजकवी झालेले यशवंत यांची ‘आई’ ही कविताही याच वृत्तात आहे. ‘श्यामची आई’ (१९५३) या चित्रपटात ती आशा भोसल्यांनी गायिली. तेथे मात्र ‘आई’ ओळीच्या आरंभी येते, त्यामुळे हाक आधी ऐकू येते आणि वेदना मागून.

शिक्षकांनी हे गीत अवश्य गाऊन घ्यावे. मात्र कवीचे नाव सांगून, आणि ते कोणाच्या तोंडचे आहे हे समजावून. वर्गात एखादे मातृहीन मूल बसलेले असते. इतरांबरोबर उत्सवाचे गाणे म्हणताना ते एकटे पडते. हे आपलेच गाणे आहे, असे त्याला कळले पाहिजे.