काफी थाटातला जॅझ

जालन्याच्या माणसाला जॅझ काय कळणार, असं पुण्यामुंबईच्या मंडळींचं ठाम मत असतं. त्यांचं तरी काय चुकलं? आमच्याकडे बियाणं मिळतं, लोखंडी सळ्या मिळतात, मोसंबी मिळते. जॅझची तबकडी मिळाल्याचं कुणी सांगत नाही. हल्ली मात्र भाचा मोबाइलवर बोट फिरवतो आणि सबंध न्यूयॉर्क सदर बाजारात येऊन उतरतं. वर्षभर हे ऐकून माझं मत असं झालं आहे की, अंबडच्या दत्तजयंतीच्या संगीत महोत्सवात ज्यानं पायाला मुंग्या येईपर्यंत ख्याल ऐकला, त्याला यातलं बरंच काही ओळखीचं आहे. परकी आहेत ती फक्त नावं.

सुरुवात करावी ती माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'पासून. साल १९५९. तोवरच्या जॅझमध्ये वादकाच्या पायाखालचं स्वरांचं जाजम घडोघडी बदलायची चाल होती. यानं ठरवलं, एक सप्तक घ्यायचं आणि त्यातच निवांत फिरायचं. म्हणजे आपल्याकडे गवई करतो तेच की! त्यातल्या 'सो व्हॉट'चे स्वर चक्क काफी थाटाचे. सोळा मात्रावर्तनं तिथं रमून मंडळी अख्खा षड्जच अर्ध्या स्वरानं वर नेतात आणि आठ आवर्तनांनी परत आणतात. आमचे शेजारी पेटी वाजवतात. ते या जागेला दचकले.

"अहो, षड्ज सरकला त्यांचा!"

"थांबा, परत येईल."

आला. "बरा आहे माणूस," काका म्हणाले, "उसना नेला आणि परत केला." जॅझची याहून नेमकी समीक्षा मी वाचलेली नाही.

प्रोग्रेसिव्ह रॉक या भारदस्त नावालाही भिऊ नये. पिंक फ्लॉइडच्या १९७५ सालच्या 'विश यू वेअर हिअर'मध्ये गायक तोंड उघडतो तो आठ मिनिटं उलटून गेल्यावर. तरुण मंडळींना याचं फार कौतुक. आम्हाला नाही. आमच्याकडे नुसते तंबोरे जुळवायलाच तेवढा वेळ लागतो.

ॲम्बियंट म्हणजे तर मंगल कार्यालयातली सनई. ब्रायन ईनोनं १९७८ मध्ये विमानतळांसाठी म्हणून एक तबकडी काढली. लक्ष दिलं तर ऐकण्याजोगी, नाही दिलं तरी तिचा राग नाही. सनईचंही तेच. कुणी ऐकत नाही. थांबली की मात्र सगळे माना वर करतात.

आता घरच्या तबकड्या. शंकर-जयकिशन यांची 'रागा जॅझ स्टाइल' १९६८ सालची. रईस खानांची सतार, मनोहारी सिंगांचा सॅक्सोफोन आणि एका तबकडीत अकरा राग! वाजवणारे अव्वल, पण तोडी अजून डोळे चोळते आहे तोवर तिला निरोप. राग भेटतो, बसत नाही. याउलट १९७६ ची 'शक्ती'. मॅक्लॉफ्लिनची गिटार, एल. शंकर यांचं व्हायोलिन, झाकिर हुसेन यांचा तबला, विनायकराम यांचा घटम्. इथं कुणी पाहुणा नाही, सगळे घरचे. म्हणून भांडणंही खरी आणि समेवरचा समेटही खरा. एकच घ्यायची तर ही घ्यावी.

पण मला चुटपुट लावून गेली ती तिसरी. मुंबईतल्या सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली दहा राग डिस्कोच्या तालावर बसवले, सगळे यंत्रांवर. बास गिटारवाल्याच्या बदली म्हणून जपान्यांनी केलेल्या एका छोट्या पेटीत स्वरावरून स्वरावर घसरायची सोय होती. यांनी तिच्यातून जवळजवळ मींड काढली. ताल मात्र शेवटपर्यंत ठाक-ठाक-ठाक. आमच्या रोलिंग मिलमध्ये रात्रपाळीला हाच ताल चालतो, त्यामुळे त्रास झाला नाही. ललत त्या ठोक्यांतूनही ओळखू येतो, ही काय लहान गोष्ट आहे?

तबकडी निघाली आणि विसरली गेली. पाचेक वर्षांनी शिकागोत त्याच पेटीवर नवं संगीत निघालं आणि जगभर गाजलं. २००२ मध्ये एका डच संग्राहकाला दिल्लीत ही जुनी तबकडी सापडली, २०१० मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली, आणि मग आपल्याला कळलं की आपल्याकडे असा एक माणूस आहे. २०१५ मध्ये ते गेले.

सिनेमाची गाणी आपण जन्मभर ऐकली; गायक कोण ते विचारलं, संगीतकार कोण ते विचारलं. मधला तो सॅक्सोफोन कुणाचा, हे कुणी विचारलं? तेव्हा आता ऐकायला बसलात की तबकडीमागची बारीक अक्षरातली नावं आधी वाचा. चष्मा लागेल, पण लावा.