प्रश्न कोणाचा? मराठीतील ख्रिस्ती बालशिक्षणाच्या तीन वाटा

मुलांना धर्म शिकवण्यासाठी लिहिलेल्या पुस्तकांकडे साहित्याचे अभ्यासक सहसा फिरकत नाहीत. ती पुस्तके पाठांतराची, म्हणून वाङ्मयाबाहेरची, असा आपला समज आहे. मराठीतील ख्रिस्ती वाङ्मयाच्या बाबतीत हा समज बाजूला ठेवावा लागतो, कारण या वाङ्मयाची सुरुवातच मुलांच्या धर्मवर्गापासून होते. चर्चमधल्या रविवारच्या शाळेत मूल काय शिकते, हा धर्मगुरूंचा प्रश्न आहे. ते कोणत्या रूपात शिकते, हा समीक्षेचा प्रश्न आहे. प्रश्नोत्तरी, पुराण आणि भजन ही तीन रूपे मराठीत चार शतकांत वापरली गेली. प्रस्तुत लेखात या तिन्ही रूपांकडे एकच कसोटी लावून पाहायचे आहे: शिकवण्याच्या या व्यवहारात प्रश्न कोण विचारतो?

थॉमस स्टीफन्स हा १५४९ साली जन्मलेला इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१९ मध्ये तिथेच वारला. त्याची दोन पुस्तके आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. १६१६ मध्ये रायतूर येथे छापलेले 'क्रिस्तपुराण' मराठी वाचकाला परिचित आहे. दुसरे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १६२२ मध्ये, तिथेच छापले गेले. ती कोकणीतली ख्रिस्ती सिद्धान्तांची प्रश्नोत्तरी. मार्कुश जोर्ज या पोर्तुगीज जेझुइटाच्या पुस्तकावर ती आधारलेली आहे आणि मुलांना शिकवण्यासाठी संवादरूपाने रचल्याचे तिच्या मुखपृष्ठावरच म्हटले आहे. दोन्ही पुस्तके एकाच माणसाची, एकाच प्रदेशातली, दोन्ही रोमन लिपीत छापलेली. तरी त्यांच्यातले अंतर मोठे आहे.

प्रश्नोत्तरीत संवाद आहे, पण तो ठरलेला आहे. गुरू विचारतो, शिष्य उत्तर देतो. प्रश्न आणि उत्तर दोन्ही आधीच लिहिलेली असतात. मुलाच्या वाट्याला येते ते फक्त म्हणून दाखवणे. या रूपाची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. लिहिता-वाचता न येणाऱ्या मुलालाही ते पाठ होते, ते घरी जाऊन आईबापांना म्हणून दाखवते. फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात आला तेव्हा घंटा वाजवत रस्त्यारस्त्यातून मुलांना गोळा करीत असे, आणि पुढे तमिळ किनाऱ्यावर त्याने मुलांकडूनच मोठ्यांपर्यंत प्रार्थना पोहोचवल्या. पाठांतराचे बळ त्याने ओळखले होते. पण या रूपात एक गोष्ट बसत नाही: शिष्याला खरोखर पडलेला प्रश्न.

तो प्रश्न 'क्रिस्तपुराणा'त येतो. पुराणाच्या आरंभी स्टीफन्सने जो प्रसंग घातला आहे तो या दृष्टीने नीट वाचला पाहिजे. साष्टीतला एक रविवार. सायंप्रार्थनेच्या वेळी पाद्री मुलांना ख्रिस्ती सिद्धान्त शिकवीत आहे; गोव्याच्या बोलीत ज्याला दोतोर्न म्हणतात ते. तेवढ्यात ऐकत बसलेला एक ब्राह्मण उठतो. तुम्ही शिकवता ते ठीक आहे, पण आमच्या जुन्या पुराणांना तुम्ही मनाई केलीत, तर त्यांच्या जागी आम्हांला वाचायला दुसरे काही द्या, अशा आशयाची मागणी तो करतो. दोन पुराणे मिळून सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ म्हणजे त्या मागणीला दिलेले उत्तर.

या प्रसंगाचे मर्म असे की मुलांचा वर्ग चालू असताना मोठ्या माणसाला त्या वर्गाचे अपुरेपण जाणवते. सूत्रे मिळाली, पण कथा मिळाली नाही. उत्तरे मिळाली, पण ज्या शंकांची ती उत्तरे आहेत त्यांना जागा मिळाली नाही. पुढे ग्रंथभर श्रोते मधूनमधून शंका काढतात आणि पाद्रीगुरू त्यांचे समाधान करतो. ही चौकट पुराणिकाची आहे. नैमिषारण्यात शौनकादिकांनी विचारायचे आणि सूतांनी सांगायचे, ही रीत ज्या श्रोत्यांच्या कानांत मुरली होती त्यांच्यासाठी स्टीफन्सने लिहिले. शब्दही त्यांचेच घेतले. स्वर्गाला त्याने वैकुंठ म्हटले. मराठी सगळ्यांना सारखी कळणार नाही म्हणून तिच्यात ब्राह्मणांच्या सोप्या बोलीतले शब्द मिसळल्याचे त्याने गद्य प्रस्तावनेत स्वतःच नोंदवले आहे.

मात्र हा संवाद मोकळा होता असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. ब्राह्मणाच्या मागणीतच मनाईचा उल्लेख आहे. साष्टीतली देवळे पाडली गेली होती. १५५९ च्या राजाज्ञेने अनाथ हिंदू मुले ख्रिस्ती करून वाढवण्यासाठी धर्मसंस्थेच्या हवाली करण्याची तरतूद केली होती. ज्याच्याकडून जुनी उत्तरे सक्तीने काढून घेतली आहेत त्याने नवी उत्तरे मागणे, याला निखळ जिज्ञासा म्हणता येत नाही. 'क्रिस्तपुराणा'चे वाङ्मयीन मोठेपण आणि त्याच्याभोवतीची सत्ता ही दोन्ही एकाच वेळी पाहावी लागतात. आपल्या समीक्षेत भाषेवरच्या प्रेमाचे कौतुक भरपूर झाले. त्या आरंभीच्या प्रसंगातल्या अगतिकतेकडे तेवढे लक्ष गेलेले नाही. आणि ज्या राज्यसत्तेच्या आश्रयाने हे पुराण छापले गेले, तिनेच १६८४ मध्ये स्थानिक भाषा तीन वर्षांत सोडून द्यावी असा हुकूम काढला. १६५४ च्या तिसऱ्या आवृत्तीनंतर पुन्हा छापील आवृत्ती मिळते ती थेट १९०७ साली, मंगळूरला.

रविवारची शाळा या नावाने आपण जी संस्था ओळखतो ती याहून निराळ्या मुळातून आली. इंग्लंडमधील ग्लॉस्टरचा वृत्तपत्रकार रॉबर्ट रेक्स याने १७८० मध्ये तिला चालना दिली ती सहा दिवस कामावर जाणाऱ्या गरीब मुलांसाठी. सुटीचा दिवस एकच, म्हणून रविवार. आणि वर्गात बायबलबरोबर अक्षरओळखही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन आणि स्कॉटिश मिशनरी मुंबई, अहमदनगर, पुणे या भागांत आले तेव्हा धर्म आणि अक्षर यांची ही जोडी त्यांनी बरोबर आणली. छोट्या प्रश्नोत्तऱ्या निघाल्या, अमेरिकन मराठी मिशनचे 'बालबोधमेवा' हे मुलांचे मासिक निघाले. ज्यांना पूर्वी शाळेचे दार बंद होते अशा जातींतल्या मुलामुलींना इथे पहिल्यांदा पाटी मिळाली. म्हणूनच या पाठांतराकडे केवळ उपहासाने पाहता येत नाही. वाचायला शिकलेले मूल ठरलेल्या उत्तरापाशी कायमचे थांबत नाही.

याच काळात मराठी वाङ्मयाच्या इतिहासाला माहीत असलेला, पण या अंगाने क्वचित वाचला गेलेला एक वाद घडला. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील भगिनीसंघात राहिल्या आणि त्याच वर्षी सप्टेंबरात मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. सिस्टर जेराल्डिन यांना रमाबाई पत्रांतून 'आजीबाई' म्हणत. हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाला आणि त्यात वारंवार येणारा एक विषय म्हणजे मनोरमेचे धर्मशिक्षण. त्रैक्याचा सिद्धान्त रमाबाईंना त्या वेळी पटलेला नव्हता. आपल्याला न पटलेले आणि मुलीला समजण्याजोगे नसलेले गूढ तिच्या मनात आताच भरू नये, असा त्यांचा आग्रह होता. समोरच्या बाजूलाही तिचे तर्कशास्त्र होते: बाप्तिस्मा झालेल्या मुलीला संघाची पूर्ण श्रद्धा मिळालीच पाहिजे, आईच्या शंकांची शिक्षा मुलीला का?

या पत्रांत भाषेचा पेचही आहे. 'आजीबाई' या एका शब्दाने रमाबाई परक्या देशातल्या वडीलधाऱ्या बाईला घरात घेतात आणि त्याच पत्रव्यवहारात स्वतःच्या सदसद्विवेकबुद्धीवरचा तिचा अधिकार नाकारतात. आदर राखून नकार कसा द्यावा, याचा हा उत्तम नमुना आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की स्टीफन्सच्या पुराणात श्रोता विचारत होता. इथे आई विचारते. मुलाला काय शिकवावे हे ठरवताना मुलाच्या समजुतीचा आणि पालकाच्या प्रामाणिकपणाचा विचार करावा, ही मागणी ती करते. जे मी स्वतः मानत नाही ते माझ्या मुलाकडून वदवून घेऊ नका, ही भूमिका कोणत्याही धर्माच्या संस्कारवर्गाला आजही अडचणीत टाकणारी आहे.

पुढे काळाने हाच प्रश्न रमाबाईंवर उलटवला. १८८९ मध्ये त्यांनी शारदासदन काढले. धर्माच्या बाबतीत हस्तक्षेप होणार नाही, या भरवशावर हिंदू सुधारक पाठीशी उभे राहिले. रमाबाई स्वतःच्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत. मुली येऊन बसू लागल्या. मी कुणाला बोलावत नाही, पण येणारीला हाकलणारही नाही, असे त्यांचे म्हणणे. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासह सल्लागारांनी अंग काढून घेतले, पालकांनी मुली नेल्या. उघडे दार हे निमंत्रण की स्वातंत्र्य, याचे सरळ उत्तर देता येत नाही. आश्रय देणाऱ्या बाईवर मुलीची माया जडलेली असते. तिथे दार उघडे ठेवणेही तटस्थ राहत नाही. केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळातून वाचवलेल्या मुली आल्या तेव्हा तर विचारणारा पालकच उरला नव्हता. १५५९ च्या राजाज्ञेशी याची बरोबरी करणे अन्यायाचे होईल: तिथे राज्याने मुले ताब्यात घेतली, इथे एका बाईने मरणाच्या दारातून उचलून आणली. पण अनाथ मुलाच्या वतीने प्रश्न कोणी विचारायचा, हा पेच दोन्हीकडे शिल्लक राहतो.

रमाबाईंनी दिलेले उत्तर वाङ्मयीन आहे, आणि म्हणून ते इथे नोंदवायला हवे. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. १९२२ मध्ये त्या वारल्या. ग्रंथ १९२४ मध्ये मुक्तिसदनाच्या छापखान्यात, तिथल्याच स्त्रियांच्या हातून छापून निघाला. कमी शिकलेल्या बाईला वाचता यावे अशी सोपी मराठी त्यांनी निवडली आणि हिंदू तत्त्वज्ञानाचा वास येणारे संस्कृत शब्द कटाक्षाने टाळले. स्टीफन्सने ओळखीचे शब्द घेऊन नवी श्रद्धा आत आणली. रमाबाईंनी नवी श्रद्धा वेगळी दिसावी म्हणून जुने शब्द नाकारले. त्यांची मराठी त्यामुळे जागोजागी कोरडी होते हे खरे. पण जिला आजवर दुसऱ्याने सांगितलेलेच ऐकावे लागत होते, तिच्या हातात मूळ पुस्तक देणे म्हणजे तिला प्रश्न विचारण्याचे साधन देणे. प्रश्नोत्तरी ज्या हेतूने रचली जाते त्याच्या अगदी विरुद्ध हे काम आहे.

तिसरी वाट नारायण वामन टिळकांची. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीची भजने आणि अभंग मराठी चर्चच्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातून पिढ्यान्‌पिढ्या गायले गेले. रविवारच्या शाळेतल्या अनेक मुलांना प्रवचन आठवत नाही, टिळकांची चाल आठवते. भजनात गुरू-शिष्याची रचनाच नसते. गाणारा 'मी' असतो आणि समोर 'तू'. टिळकांनी ख्रिस्ताला माउली म्हटले तेव्हा वारकरी परंपरेतला एक मोठा हक्क ख्रिस्ती मुलाला मिळाला: रुसण्याचा, हट्ट धरण्याचा, तक्रार करण्याचा. नैवेद्य का खात नाहीस म्हणून विठ्ठलापुढे हटून बसलेला लहानगा नामदेव ज्या भाषेत वाढला, त्या भाषेत देवाला प्रश्न विचारणे अश्रद्धा ठरत नाही. प्रश्नोत्तरीत मूल उत्तर देणारे, पुराणात ऐकणारे, भजनात मात्र ते स्वतः बोलणारे होते. टिळकांची सगळीच गीते सारख्या तोलाची नाहीत. काहींत उपदेश काव्यावर मात करतो. तरीही बालशिक्षणाचे रूप म्हणून भजन सर्वांत मोकळे ठरते, ते या 'मी'मुळे.

आज मुंबई-पुण्याच्या चर्चमध्ये येणारी बरीच मुले इंग्रजी माध्यमात शिकतात. त्यांच्या हाती रंगीत चित्रांची भाषांतरित पाठ्यपुस्तके असतात. धड्याच्या शेवटी पाठ करायचे वचन, गाळलेल्या जागा, जोड्या लावा. कागद गुळगुळीत झाला, पण रूप १६२२ चेच राहिले: प्रश्न पुस्तकाचा, उत्तरही पुस्तकाचेच. यात भाषा हरवते याची हळहळ पुष्कळ होते. त्याहून मोठे नुकसान असे की मुलाच्या खऱ्या प्रश्नाला मराठीत जी दोन-तीन रूपे मिळाली होती ती वर्गाबाहेर पडतात. आजी का मेली, प्रार्थना केली तरी बाबांची नोकरी का गेली, शेजारचा मित्र स्वर्गात जाणार नाही का, हे विचारणाऱ्या मुलाला गाळलेली जागा पुरत नाही. हे केवळ ख्रिस्ती घरांचे दुखणे नाही. श्लोक पाठ करून घेणाऱ्या आमच्या संस्कारवर्गांतही नचिकेत्याची गोष्ट सांगितली जाते आणि नचिकेत्यासारखे विचारणाऱ्याला गप्प बसवले जाते.

रविवारच्या शाळेत आवडीने शिकवला जाणारा एक धडा लूककृत शुभवर्तमानातला आहे. बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरात मागे राहतो. आईबाप तीन दिवसांनी त्याला शोधून काढतात. त्या वेळी तो शिक्षकांच्या मध्ये बसून त्यांचे ऐकत असतो आणि त्यांना प्रश्न विचारत असतो. धडा सहसा आईबापांच्या आज्ञेत राहण्यावर संपवला जातो, आणि मजकुरात ते आहेही. पण त्याच्या आधीचे प्रश्न विचारणेही तिथेच लिहिलेले आहे. मराठीत मुलांसाठी नवे ख्रिस्ती धडे लिहू पाहणाऱ्याला स्टीफन्सचा श्रोता, रमाबाईंचे उघडे दार आणि टिळकांचा 'मी' हे तिन्ही वारसे उपलब्ध आहेत. त्याने प्रत्येक धड्याच्या शेवटी मुलाच्या प्रश्नासाठी अर्धे पान कोरे सोडले, आणि शिक्षकाला 'हे मलाही ठाऊक नाही' असे म्हणण्याची मुभा दिली, तर चारशे वर्षांपूर्वी साष्टीत उठून उभ्या राहिलेल्या त्या माणसाचे म्हणणे ऐकले गेले असे म्हणता येईल.