तोंड मागे वळवलेली वाद्यं

आपल्या वरातीत बँड पुढे चालतो आणि वऱ्हाड मागून. आवाज मात्र पुढच्या रस्त्यावर जातो. पलटणीला हे परवडत नाही. ठेक्यावर पावलं टाकणारे सैनिक मागे असतात, तेव्हा सूर मागेच पोचायला हवेत. म्हणून एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत खांद्यावरून पाठीमागे तोंड करणारे सॅक्सहॉर्न, म्हणजे फुंकून वाजवायची पितळी वाद्यं, चालू झाले. १८६१ ते १८६५च्या यादवी युद्धात दोन्ही बाजूंच्या बँडांत ते होते.

या बँडांचं संगीत त्याच वाद्यांवर पुन्हा वाजवायचा प्रयत्न आता साठ वर्षांचा झाला. १९६०च्या दशकारंभी संगीतसंचालक फ्रेडरिक फेनेल यांनी ईस्टमन विंड एन्सेम्बल या वाद्यवृंदाकडून ते जुन्या वाद्यांवर ध्वनिमुद्रित करून घेतलं. १९६४ साली विस्कॉन्सिनमध्ये ‘फर्स्ट ब्रिगेड बँड’ उभा राहिला. पुढे असे बरेच बँड निघाले. वाद्यं दुरुस्त झाली, गणवेशाची बटणंसुद्धा अस्सल आली.

खटकतो तो माउथपीस, म्हणजे ओठ लावून फुंकायचा तुकडा. त्या काळचा माउथपीस नरसाळ्यासारखा खोल असे आणि वाद्याची नळी सुरुवातीपासून हळूहळू रुंदावत जाई. त्यातून गोल, मऊ, गळ्यातून आल्यासारखा सूर निघतो. पण जुनं वाद्य सुरात ठेवणं कष्टाचं असतं, म्हणून काही वादक त्याला आजचा उथळ माउथपीस लावतात. सूर लगेच ताब्यात येतो, धारदार होतो, आणि दीडशे वर्षांचं पितळ कालच्या कारखान्यातून आल्यासारखं बोलू लागतं. माझ्या मते ही तडजोड मुळावरच येते. किंचित बेसूर चालेल, पण रंग जुनाच हवा.

हा रंग का हवा, ते २६व्या नॉर्थ कॅरोलिना पलटणीच्या बँडकडे पाहिलं की कळतं. सेलेम गावचे हे मोरेव्हियन पंथाचे वादक. त्यांच्या समाजात अंत्ययात्रेला आणि ईस्टरच्या पहाटे पितळी वाद्यांवर भजनं वाजत. युद्धात हेच वादक जखमींची शुश्रूषाही करत. त्यांच्या हस्तलिखित वह्या विन्स्टन-सेलेमच्या मोरेव्हियन म्युझिक फाउंडेशनमध्ये जपल्या आहेत. कूचगीतांइतकंच नाचाचं आणि भक्तीचं संगीत या वादकांच्या हाती होतं. त्याला कर्कश धार मारक आहे.

दुसरी अडचण सभागृहाची. श्रोते समोर बसतात आणि वाद्यांची तोंडं मागच्या भिंतीकडे असतात. आवाज भिंतीवर आपटून विस्कटून परततो. काय चाललंय ते स्पष्ट कळावं म्हणून वादक जोर लावतात, आणि उरलासुरला मऊपणाही जातो. हे कार्यक्रम मैदानात व्हावेत. १८६३च्या २ जुलैला गेटिसबर्गच्या लढाईत तोफगोळे फुटत असताना कॉन्फेडरेट, म्हणजे दक्षिणेच्या बाजूचा, एक बँड पोल्का आणि वॉल्ट्झ वाजवत होता, असं ब्रिटिश अधिकारी आर्थर फ्रीमँटल याने लिहून ठेवलं आहे. तसली पोल्का ऐकायची तर बँडला चालू द्यावं आणि श्रोत्यांनी त्याच्या पाठीमागून चालावं.