मेढ, तुळई आणि पोकळ खांब

एखाद्या कार्याचा आरंभ झाला की मराठी माणूस त्याची ‘मुहूर्तमेढ रोवली’ असे म्हणतो. ‘पाया घातला’ असेही आपण म्हणतोच. परंतु मेढ हा शब्द अधिक जुन्या घराची आठवण सांगतो. ज्या घराचा भार जमिनीत रोवलेल्या लाकडी खांबावर असे, त्या घराची ती आठवण आहे. उपकारकर्त्यावर उलटणाऱ्यास आपण खाल्ल्या घरचे वासे मोजणारा म्हणतो. घर फिरले की घराचे वासेही फिरतात, असे हताशपणे बोलतो. आणि दिखाऊ श्रीमंतीची ‘बडा घर पोकळ वासा’ अशी संभावना करतो. भाषेने हा सांगाडा इतक्या मायेने जपून ठेवला असताना प्रत्यक्षात मात्र तो आमच्या पनवेल परिसरातून जवळजवळ नाहीसा झाला होता. अलीकडे तो परत येऊ लागला आहे. माथेरानच्या पायथ्याशी, गाढी नदीच्या काठाकाठाने, नेरे-मालडुंग्याच्या वाटेवर जी शेतघरे उभी राहत आहेत, त्यांत सागवानी खांब आणि उघड्या तुळया दिसू लागल्या आहेत. घरमालकांच्या मेजावर पाश्चात्त्य मासिके असतात व त्यांत अमेरिकेतील धान्यकोठारांच्या धर्तीवर बांधलेल्या राहत्या घरांची चित्रे असतात. या परतण्याचे स्वागत करावे की त्याची चिकित्सा करावी, असा प्रश्न आमच्यापुढे आहे. आम्ही दोन्ही करणार आहोत.

प्रथम या रचनेचा मोह समजून घेतला पाहिजे, कारण तो खरा आहे. दगडी जोते, जोत्यावर घडीव तळखडा, तळखड्यावर खांब, दोन खांबांवर आडवी तुळई, तुळईवर ओळीने कड्या आणि कड्यांवर पाट. कोकणात त्यावर उतरते छप्पर: वर आढे, आढ्यावरून दोहो अंगांना सुटलेले वासे, वाशांवर रिपा, रिपांवर कौले. एका लाकडाच्या टोकास जीभ काढायची, दुसऱ्यास तिच्या मापाची खाच पाडायची, दोन्ही एकत्र बसवून आरपार लाकडी खुंटी ठोकायची. लोखंडी खिळ्यावाचून सारे घर उभे राहते. पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आकसते. पण खिळ्याप्रमाणे या सांध्यास गंज चढत नाही, आणि वेळ आली तर खुंटी काढून खांब बदलता येतो. या घरात भिंत हा केवळ आडोसा असतो. ती विटेची असो, मातीची असो, कुडाची असो. ती काढली तरी छप्पर जागच्या जागी राहते. दोन खांबांमधल्या अंतरास आपण ‘खण’ म्हणतो, आणि आपल्या वाडवडिलांनी घरे मोजली तीही खणांनीच.

या रचनेचे मर्म वसईच्या किल्ल्यात उलट बाजूने कळते. तेथील पोर्तुगीजकालीन चर्चच्या प्रचंड भिंती उभ्या आहेत आणि लाकडी छपरे गेली आहेत. सारा भार भिंतींनी पेलला होता, म्हणून भिंती उरल्या. याउलट एखाद्या पडक्या कोकणी घरात पाऊस भिंती धुऊन नेतो आणि खांब-तुळयांचा सांगाडा कित्येक वर्षे उभा राहतो. हा भेद केवळ सौंदर्याचा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा माणसे दगावली ती मुख्यतः मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि माळवदाची माती अंगावर कोसळून. जेथे लाकडी खणांनी माळवद धरून ठेवले, तेथे अनेक ठिकाणी भिंती पडल्या आणि छप्पर उभे राहिले. पुढे मात्र त्या भागातील लोकांचा दगड आणि लाकूड या दोहोंवरचाही विश्वास उडाला.

लाकूड टिकत नाही, हा आक्षेप आम्ही नेहमी ऐकतो. मुंबईच्या वाडिया गोदीत १८१७ साली मलबारी सागवानाची ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका बांधली गेली. ती आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगते आहे. लाकडाचे खरे वैरी तीन: वाळवी, गळके छप्पर आणि आग. १७३२ साली वास्तुशांत झालेला शनिवारवाडा १८२८ च्या आगीत गेला, हेही विसरता येत नाही. परंतु निगा राखली तर लाकूड माणसाच्या पाच-सात पिढ्या सहज पाहते. या निगेच्या प्रश्नाकडे आम्ही पुन्हा येऊ, कारण खरी अडचण तेथेच आहे.

पाश्चात्त्य जगात या रचनेचे सर्वांत भव्य रूप राजवाड्यांइतकेच कोठारांतही दिसते. लंडनजवळ हार्मंड्सवर्थ येथे १४२६-२७ साली ओक लाकडाचे एक धान्यकोठार बांधले गेले. ते सुमारे १९२ फूट लांब आणि ३९ फूट रुंद असून त्यास बारा खण आहेत. आत शिरणाऱ्यास दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा आणि मध्ये उंच मोकळी नेव्ह दिसते. कवी जॉन बेट्जमन यांनी त्यास मिडलसेक्सचे कॅथीड्रल म्हटले, ते अतिशयोक्तीने नव्हे. कॅथीड्रलच्या आणि कोठाराच्या सुताराचे ज्ञान एकच होते. आमच्या वाचकांना येथे आठवण द्यावीशी वाटते की मार्काच्या शुभवर्तमानात (६:३) येशूच्या व्यवसायासाठी जो ‘टेक्टन’ हा ग्रीक शब्द आला आहे, त्याचा अर्थ मेज-खुर्च्या करणारा एवढा संकुचित नाही. घर उभारणारा कारागीर असाही तो आहे. नाझरेथच्या सुताराच्या तसबिरीत आपण नेहमी रंधा आणि करवत पाहतो. त्याच्या खांद्यावर तुळई असती तर ते चित्र अधिक खरे झाले असते.

मराठीतही वाडा हा शब्द दोन टोकांना लागतो. सरदाराचा तोही वाडा आणि गुरांचा तोही वाडा. तेव्हा कोठाराच्या किंवा गोठ्याच्या रचनेत माणसाने राहावे, यात आम्हांस अस्वाभाविक काही वाटत नाही.

आता चिकित्सा. आमच्याच रायगड जिल्ह्यात, अलिबागच्या दक्षिणेस नांदगाव येथे, वास्तुशिल्पकार बिजॉय जैन आणि त्यांच्या ‘स्टुडिओ मुंबई’ने २००७ साली ‘पामायरा हाऊस’ नावाचे घर पूर्ण केले. नारळाच्या बागेत दगडी जोत्यांवर दोन लांबट लाकडी खंड, ऐनाच्या लाकडाचा एकमेकांत गुंतवलेला सांगाडा, आणि बाहेरून ताडाच्या खोडाच्या पट्ट्यांच्या झडपा. २०१० साली आगाखान वास्तुकला पुरस्काराच्या अंतिम यादीत हे घर होते. घर खाजगी आहे; आम्ही त्याची छायाचित्रे आणि आराखडे पाहिले आहेत, आणि त्यावरून आमचे मत अनुकूल आहे. येथे प्रत्येक खांब काम करतो. ताड आणि ऐन ही झाडे याच मातीतली, दगड याच डोंगरातला, वारा याच समुद्राचा. परदेशी मासिकातील कोठाराची नक्कल त्यात नाही. कोकणी पडवीचे तत्त्व मात्र आहे. उणे काढायचे झाल्यास एवढेच की हे घर सुट्टीतल्या निवासासाठी आहे. बारमाही चूल, ओले कपडे, भाताच्या कणग्या, आजारी म्हातारा आणि रांगते मूल यांची परीक्षा त्यास द्यावी लागलेली नाही. त्या परीक्षेत उत्तीर्ण झालेली घरे वेगळी.

त्याच्या अनुकरणाने आमच्या तालुक्यात जे चालले आहे, त्याबद्दल मात्र इतके बरे बोलता येत नाही. गृहाशीर्वादासाठी अशा घरांतून आम्हांस बोलावणे येते, आणि पवित्र जल शिंपडताना भिंती-खांब जवळून पाहणे ओघाने येतेच. एका घरी दिवाणखान्यात चार सुंदर कोरीव खांब होते. सहज टिचकी मारली, तर आवाज पोकळ आला. आत सिमेंटचा खांब, बाहेरून सागवानी फळ्यांचे वेष्टन. वरच्या तुळया स्लॅबला बोल्टने लटकावलेल्या. तुळई छताचा भार घेण्याऐवजी छतच तुळईचा भार घेत होते! यजमानांनी मोठ्या कौतुकाने किंमत सांगितली. आम्ही आशीर्वाद दिला. घरातल्या माणसांत काही पोकळ नव्हते. परंतु वास्तू म्हणून पाहता ती एक थापच होती. आमची कसोटी साधी आहे: हा खांब काढला तर काही पडेल काय? पडणार नसेल, तर तो खांब नव्हे, खांबाचे चित्र होय. सिमेंटच्या घराने सिमेंटचे दिसावे. त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही.

सगळीच घरे अशी नाहीत, हेही सांगितले पाहिजे. दुसऱ्या एका ठिकाणी घाटावरचा एक संपूर्ण वाडा उतरवून आणला होता. प्रत्येक लाकडावर सुताराने उतरवतानाच छिन्नीने खुणा केल्या होत्या आणि त्याच क्रमाने सांगाडा पुन्हा उभा केला होता. युरोपातील जुन्या कोठारांच्या लाकडांवर सुतारांच्या अशाच खुणा सापडतात. तो वृद्ध सुतार आम्हांस म्हणाला, “फादर, हे लाकूड माझ्या आज्यापेक्षा जुनं आहे. ह्याला मी काय घडवणार? मी फक्त ऐकतो.” त्याचा मुलगा मॉड्युलर किचनची कामे करतो.

हे जुने लाकूड येते कोठून? वाटण्यांत मोडलेल्या वाड्यांतून, पाडलेल्या चाळींतून. जोगेश्वरीजवळच्या ओशिवरा बाजारात असे खांब आणि दाराच्या चौकटी रांगेने उभ्या दिसतात. आणि आमच्याकडे ते उठलेल्या गावांतूनही आले. १९७० साली सिडकोची स्थापना झाल्यापासून या भागाने जमीन देण्याखेरीज दुसरे काय केले, असा प्रश्न येथील आगरी-कोळी माणूस विचारतो. ज्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले, त्यासाठी दहा गावे उठली. घरे पाडली जात असताना लोक कौले आणि वासे स्वतःच्या हाताने उतरवीत होते, आणि त्यांतले काही टेम्पोत चढून जाताना आम्ही पाहिले आहे. हार्मंड्सवर्थचे कोठारही हीथ्रो विमानतळाच्या शेजारीच आहे, आणि तिसऱ्या धावपट्टीची योजना वर्षानुवर्षे त्या गावावर टांगलेली आहे. तेथील कोठाराच्या बाजूने बोलणारे खूप आहेत. आमच्या गावांत कॅथीड्रल म्हणावे असे काही नव्हते. दोन-तीन खणांची घरे होती, एवढेच.

ज्यांनी स्लॅबचे घर बांधले त्यांना नावे ठेवणाऱ्यांत आम्ही नाही. येथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. दर वैशाखात शाकारणी करायची, माकडांनी हलवलेली कौले पुन्हा बसवायची, वाशास वाळवी लागली की काय ते पाहायचे, जमीन सारवायची. ही निगा कोणी राखली? बहुतेक घरी बायकांनी आणि घरातल्या तरुण मुलांनी. मुलगा नोकरीला गेला, सून कामाला गेली, आणि शाकारणारे हात बाजारभावाने मिळेनासे झाले. तेव्हा स्लॅब पडला तो सुटकेचा निःश्वास होता. शनिवार-रविवारच्या घरासाठी निगा राखणारा माणूस पगारी असतो. पुष्कळदा तो याच गावातला असतो आणि स्वतः स्लॅबखाली राहतो.

शिवाय लाकूड मिळते कोठे? सप्टेंबर १९३० मध्ये चिरनेरला लोकांनी गोळ्या झेलल्या त्या जंगल सत्याग्रहात. रानातल्या लाकडावर गावाचा हक्क किती, हाच तो प्रश्न होता. १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याने स्वतःच्या बांधावरचा सागही परवानगीवाचून तोडता येत नाही. रानाच्या दृष्टीने यात शहाणपण होते, हे आम्ही नाकारीत नाही. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याने तर १९९३ मध्ये इमारतींत लाकूड वापरण्यावरच बंदी घातली होती; ती २०२० मध्ये उठली. दरम्यान सत्तावीस वर्षे गेली, आणि तेवढ्या काळात तुळई बसवणाऱ्या सुतारांची एक पिढी दरवाजे-खिडक्यांवर आली.

खांब-तुळयांचे सर्वांत शुद्ध घर या तालुक्यात आजही पाहायचे असेल तर ठाकूरवाडीत जावे. वर दुबेळके असलेल्या मेढी जमिनीत रोवलेल्या, त्या बेचक्यांत आडवे लाकूड, कारवीच्या कुडाच्या भिंती, त्यांवर माती आणि शेण. कोणा वास्तुशिल्पकाराने यात एक रेघ वाढवू नये. शासनाच्या दप्तरी या घराचे नाव ‘कच्चे’ आहे. इंदिरा आवास योजनेपासून २०१६ च्या प्रधानमंत्री आवास योजनेपर्यंत सारे प्रयत्न ते पाडून ‘पक्के’ करण्याचे आहेत. आणि साप चावलेले मूल ज्यांनी कुडाच्या भिंतीपाशी उचलले, त्यांना हे पक्के घर हवेच असते. त्याच ठाकूरवाडीच्या कुंपणापलीकडे, त्याच रचनेचे, फक्त दहापट जाड लाकडाचे घर आहे. त्यास कोणी कच्चे म्हणत नाही. एकच सांगाडा एकाची लाचारी आणि दुसऱ्याची हौस ठरतो, ही गोष्ट त्या मासिकांतील चित्रांत दिसत नाही. पक्केपणाची व्याख्या करणाऱ्यांनी चांगल्या लाकडाचा, दगडी जोत्यावरचा, कौलारू सांगाडाही पक्का मानला असता, रोपवनातील साग गरिबाच्या घरकुलास रास्त दरात दिला असता आणि आयटीआयमध्ये तुळईचा सांधा शिकवला असता, तर शेतघरांतील पोकळ खांबांवर आम्हांस इतके लिहावे लागले नसते.

गेल्या पावसाळ्याआधी आम्ही त्या ठाकूरवाडीत गेलो होतो. घरकुले बहुतेक पुरी झाली आहेत. उन्हाळ्यात सिमेंटचे पत्रे तापतात म्हणून प्रत्येक घरकुलासमोर लोकांनी चार मेढी रोवून, वर गवत घालून, स्वतःच्या हाताने मांडव घातला आहे. बायका तेथे बसून निवडणे-टिपणे करतात आणि दुपारी घरातली सर्व माणसे तेथेच झोपतात.