फुफ्फुसाच्या कर्करोगाची राष्ट्रीय आकडेवारी : पैठणच्या तीरावरून एक परीक्षण

पैठण गोदावरीच्या उत्तर तीरावर वसले आहे. त्याच्या उत्तरेस सुमारे पन्नास किलोमीटरांवर छत्रपती संभाजीनगर आहे. तेथे शहराच्या हद्दीपुरती कर्करोग-नोंदणी १९७८ मध्ये सुरू झाली आणि राष्ट्रीय अहवालांत ती 'औरंगाबाद' या नावाने आढळते. नदी ओलांडून थोडे पूर्वेस सरकले की बीड जिल्हा लागतो. उस्मानाबाद (२०२३ पासून धाराशिव) व बीड या दोन जिल्ह्यांची मिळून एक स्वतंत्र नोंदणी आहे. या दोहोंच्या मधला पैठण तालुका मात्र २०२० च्या राष्ट्रीय अहवालातील कोणत्याच कोष्टकात येत नाही. फुफ्फुसाच्या कर्करोगाचे देशातील प्रमाण वाढत आहे काय, आणि वाढत असल्यास किती, या प्रश्नाची चर्चा सामान्यतः मोठ्या आकड्यांपासून सुरू होते. ती पैठणसारख्या मोजणीबाहेर राहिलेल्या ठिकाणापासून सुरू केली, तर त्याच आकड्यांचा अर्थ निराळा दिसू लागतो.

प्रथम त्या मोठ्या आकड्यांचा विचार करणे युक्त होईल. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या 'ग्लोबोकॅन' या अंदाजमालेनुसार भारतात फुफ्फुसाच्या कर्करोगाचे नवे रुग्ण २०१८ मध्ये ६७,७९५, २०२० मध्ये ७२,५१० आणि २०२२ मध्ये ८१,७४८ होते. मृत्यू अनुक्रमे ६३,४७५, ६६,२७९ आणि ७५,०३१. हे तीन आकडे एका ओळीत मांडून 'वाढता कल' दाखविण्याची प्रथा लेखांतून व भाषणांतून रूढ झाली आहे. ती शास्त्रदृष्ट्या सदोष आहे. प्रत्येक आवृत्तीत मूळ सामग्री व हिशेबाची रीत बदलत असल्यामुळे आवृत्त्यांची परस्पर तुलना करू नये, असा इशारा ही संस्था स्वतःच देते. शिवाय हे आकडे निव्वळ रुग्णसंख्येचे आहेत. लोकसंख्या वाढली आणि तिच्यातील वृद्धांचा वाटा वाढला, तर रोगाचा वयोप्रमाणित दर तिळमात्र न हलताही रुग्णसंख्या वाढेल.

याहून बोलकी गोष्ट पुढे आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाने २०२० या वर्षासाठी याच रोगाचे सुमारे ९८ हजार नवे रुग्ण अंदाजिले. म्हणजे वर्ष एक, देश एक, रोग एक, आणि दोन जबाबदार अंदाजांमधील अंतर पंचवीस हजारांहून अधिक. 'ग्लोबोकॅन'च्या २०१८ व २०२० या आवृत्त्यांमधील तथाकथित वाढ ४,७१५ रुग्णांची आहे. ज्या मोजपट्टीतील दोष मोजावयाच्या वस्तूच्या पाचपटीहून मोठा आहे, तिने ती वस्तू वाढली किंवा घटली असे सांगणे धाडसाचे होय. येथे दोष कोणा एका संस्थेचा नाही. दोन्ही अंदाज ज्या नोंदणीकेंद्रांवर उभे आहेत ती देशाच्या सुमारे दशांश लोकसंख्येपुरतीच आहेत, आणि उरलेले नऊ दशांश गणिताने भरून काढावे लागतात. पैठण त्या नऊ दशांशात आहे.

मृत्यूंच्या आकड्यांविषयी अधिक सावधगिरी आवश्यक आहे. वरील तिन्ही आवृत्त्यांत मृत्यू व नवे रुग्ण यांचे गुणोत्तर ०.९१ ते ०.९४ या अरुंद पट्ट्यात राहते. हे गुणोत्तर पाहून 'शंभरांतील नव्वदांहून अधिक रुग्ण दगावतात असे आढळून आले' असे लिहिणारा अभ्यासक एका चक्रात सापडतो. कारण आपल्या देशात हे मृत्यू बहुतांशी मोजलेले नसून प्रारूपाच्या साहाय्याने काढलेले असतात. जे गृहीतातून निघाले, त्याला निष्कर्ष म्हणता येणार नाही. प्रत्यक्ष मोजणीसाठी मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र हवे. जन्म-मृत्यु नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे, परंतु नोंदलेल्या मृत्यूंपैकी अशा प्रकारे प्रमाणित झालेल्यांचा वाटा देशभरात जेमतेम एकपंचमांशाच्या आसपास राहिला आहे. गावात घरी वारलेल्या माणसाच्या नोंदीत 'दम लागून' अथवा 'वार्धक्याने' असे लिहिले गेले, की तो मृत्यू कर्करोगाच्या हिशेबातून कायमचा जातो.

आता नोंदणीकेंद्रांच्या कोष्टकांकडे वळावयास हरकत नाही. २०१२–१६ या काळासाठी पुरुषांतील सर्व कर्करोगांचा वयोप्रमाणित दर मिझोराममधील ऐझॉल जिल्ह्यात दरलक्ष २६९.४, तर उस्मानाबाद–बीडमध्ये ३९.५ असा नमूद आहे. देशातील सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आकडा तो हाच. अंतर जवळजवळ सातपट. फुफ्फुसाच्या कर्करोगातही पुरुष व स्त्रिया या दोहोंत ऐझॉलच आघाडीवर आहे. तेव्हा मराठवाडा हा या रोगापासून बव्हंशी मुक्त असा प्रदेश मानावा काय?

या प्रश्नाचे अर्धे उत्तर होकारार्थी आहे, आणि ते प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. प्रौढांच्या तंबाखू-सेवनाची जी पाहणी २०१६–१७ मध्ये झाली, तीत महाराष्ट्रातील धूम्रपानाचे प्रमाण अवघे ३.८ टक्के आढळले. मिझोराममध्ये ते ३४.४ टक्के होते. महाराष्ट्रात धूररहित तंबाखूचे प्रमाण मात्र २४.४ टक्के निघाले. चुना लावून मळलेली तंबाखू, मशेरी, गुटखा या गोष्टी मुखाला ग्रासतात, फुफ्फुसाला तितक्या नव्हेत. म्हणून मराठवाड्यात मुखाचा कर्करोग पुढे आणि फुफ्फुसाचा मागे, हे चित्र व्यसनांच्या भूगोलाशी सुसंगत आहे. जे टीकाकार खेड्यातील प्रत्येक अल्प दर 'नोंदच होत नाही' एवढ्या एका वाक्याने उडवून लावतात, ते या वस्तुस्थितीकडे दुर्लक्ष करतात.

उरलेले अर्धे उत्तर मात्र अस्वस्थ करणारे आहे. मुखाचा व्रण आरशात दिसतो, बोटाला लागतो. गावचा डॉक्टरही तो पाहून शंका घेऊ शकतो. फुफ्फुसातील गाठ दिसत नाही. तिचा शोध लागण्यास क्ष-किरण चित्र, संगणकीय छेदचित्र, श्वासनलिकेची दुर्बिणीतून तपासणी, ऊतीचा तुकडा आणि तो वाचणारा विकृतिशास्त्रज्ञ अशी पायऱ्यांची माळ लागते, आणि यांपैकी वरच्या पायऱ्यांसाठी तालुक्याच्या माणसाला शहर गाठावे लागते. शिवाय क्षयाची दाट छाया आहे. दीर्घ खोकला, थुंकीतून रक्त, घटलेले वजन आणि क्ष-किरण चित्रात डाग असलेला साठीचा विडी ओढणारा शेतकरी आला, तर या देशात पहिली शंका क्षयाची येते. बहुतेक वेळा ती खरीही ठरते. जेव्हा ती खरी नसते, तेव्हा औषधांच्या प्रतीक्षेत कित्येक महिने निघून जातात. त्या महिन्यांत जो दगावला तो क्षयाच्या खात्यावर जातो किंवा कोणत्याच खात्यावर जात नाही.

या शंकेला आधार देणारी एक स्वतंत्र मोजणी उपलब्ध आहे. घरोघरी जाऊन मृताच्या आप्तांना विचारपूस करावयाची व दोन चिकित्सकांनी परस्परनिरपेक्ष कारण ठरवावयाचे, या रीतीने २००१–०३ मधील १,२२,४२९ मृत्यूंची छाननी झाली. त्यांत ७,१३७ कर्करोगाचे ठरले. २०१२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पुरुषांचा कर्करोग-मृत्युदर ग्रामीण भागात दरलक्ष ९५.६ आणि नागरी भागात १०२.४ असा आला. म्हणजे नोंदणीकेंद्रांच्या कोष्टकांत खेडे व शहर यांमध्ये जी दरी दिसते, ती मृत्यूंच्या या पाहणीत जवळजवळ बुजते. येथे विद्यार्थ्यांनी एक पथ्य पाळावे : ३९.५ हा नव्या रुग्णांचा दर आणि ९५.६ हा मृत्यूंचा दर शेजारी ठेवून वजाबाकी करू नये. त्यांचा आधार निरनिराळा आहे. प्रत्येक स्रोतातील खेडे-शहर तुलना त्या त्या स्रोताच्या आतच वाचावी. तसेच मौखिक चौकशीला क्षय आणि फुफ्फुसाचा कर्करोग नेमके वेगळे करता येतात असेही नाही. त्या अभ्यासात फुफ्फुसाच्या सदरात श्वासनलिका व स्वरयंत्रही धरलेले आहेत, ही तळटीप अवतरणे देणाऱ्यांच्या हातून हमखास गळते.

नोंदणीची रीत निकालावर किती परिणाम करते, हे बार्शीच्या उदाहरणावरून दिसून येते. १९८७ मध्ये बार्शी, परंडा व भूम या तालुक्यांत ग्रामीण नोंदणी सुरू झाली, तेव्हा रुग्णालयांत बसून रुग्णांची वाट पाहणे निरर्थक ठरेल हे तिच्या चालकांनी ओळखले होते. कार्यकर्ते गावोगाव फिरले, सभा घेतल्या, लक्षणे समजावून सांगितली आणि संशयितांना तपासणीपर्यंत आणले. मुंबईच्या १९६३ च्या नोंदणीची रीत येथे जशीच्या तशी उचलली गेली नाही, हेच तिचे मोठेपण.

पैठणच्या बाबतीत अडचणी आणखी गुंतागुंतीच्या आहेत. उपचारासाठी शहरात नातेवाइकाकडे उतरलेला रुग्ण घाटी रुग्णालयाच्या कागदावर तेथलाच पत्ता देतो. पडताळणी काटेकोर नसेल तर तो शहराच्या अंशात मिळविला जातो, छेदात मात्र तो कधीच नव्हता. उलट, ऊसतोडीच्या हंगामात सहा-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात काढणारा मजूर तेथेच आजारी पडला, तर त्याला कोठला रहिवासी म्हणावे? वर्षभराच्या वास्तव्याचा नियम कागदावर स्पष्ट आहे. कोयता घेऊन फिरणाऱ्या कुटुंबाला तो लागू करताना कारकुनाची कसोटी लागते. त्यातच २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झाली नाही, त्यामुळे छेदासाठी २०११ च्या गणनेवरून पुढे काढलेली लोकसंख्या घ्यावी लागते.

राष्ट्रीय अहवालांतील एका गुणवत्ता-निर्देशकाविषयीही मतभेद नोंदविणे अवश्य आहे. सूक्ष्मदर्शकाने सिद्ध झालेल्या निदानांचे प्रमाण जितके जास्त, तितकी नोंदणी उत्तम, असा समज आहे. फुफ्फुसाच्या बाबतीत तो अर्धाच खरा आहे. जेथे जवळजवळ प्रत्येक नोंद ऊतितपासणीने सिद्ध आहे, तेथे ज्यांची ऊतितपासणी होऊच शकली नाही, असे वृद्ध, अशक्त व दूरचे रुग्ण नोंदीबाहेर राहिले असण्याचा संभव असतो. हे प्रमाण केवळ मृत्यु-प्रमाणपत्रावरून कळलेल्या रुग्णांच्या प्रमाणासह वाचावे लागते, आणि प्रमाणपत्रेच नसतील तर दुसराही आकडा फसव्या रीतीने लहान राहतो.

विभागातील संशोधकांना यातून एक मर्यादित परंतु साध्य विषय मिळतो. पैठण तालुक्यातील ग्रामपंचायतींच्या मृत्यु-नोंदवह्या, क्षय-उपचार केंद्रांतून 'सुधारणा नाही' म्हणून पुढे पाठविलेल्या रुग्णांची यादी आणि २०१२ पासून शहरात चालू असलेल्या शासकीय कर्करोग रुग्णालयातील तालुकानिहाय नोंदी या तीन दप्तरांची, नावे गुप्त ठेवून, परस्पर जुळणी करता येईल. एका दप्तरात सापडून उरलेल्या दोहोंत न सापडणाऱ्यांची संख्या किती, हे कळले तर न सापडलेल्या सर्वांचा अंदाज बांधण्याची सांख्यिकी रीत उपलब्ध आहे. मात्र ही तीन दप्तरे परस्परनिरपेक्ष नाहीत, कारण क्षयकेंद्रातून गेलेलाच रुग्ण बहुधा शहरातील रुग्णालयात पोहोचतो. म्हणून येणारा अंदाज खऱ्या संख्येहून कमीच असेल, आणि प्रबंधात तो किमान म्हणूनच मांडावा लागेल.